टेकडीवर एकाहत्तर

"हा मीटर खोटारडा आहे! म्हातारा झालाय, तोंडाला येईल तो आकडा फेकतोय!"

"मीटर खोटारडा नाहीये मामा. तुम्ही हट्टी आहात!"

"टिटवे, तोंड आवर. चारचौघांत मामाला असं बोलतात?"

"मग चारचौघांत तुम्ही त्याला खोटारडा का म्हणता? त्याला काय लाज नाही?"

बघा मित्रांनो, बागेतल्या टेकडीवर उभं राहून मामा-भाची अशी भांडत होती, आणि ज्याच्यावरून भांडण चाललं होतं तो मी मधोमध, तीन पायांच्या स्टँडवर. खोटारडा म्हणे! मला तोंड असतं ना, तर तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण मला फक्त आकडे बोलता येतात. म्हणून मी आपला आकडा दाखवत राहिलो. एकाहत्तर. बहात्तर. सत्तर. एकाहत्तर. घ्या!

मी एक जुना मीटर आहे, आवाज मोजणारा. वीतभर लांब, वर निमुळता. टोकाला बोटाच्या पेराएवढा माईक आहे, तो माझा कान. वाऱ्याने कानात घूं-घूं होऊ नये म्हणून त्याच्यावर काळ्या स्पंजची गोल टोपी घालतात. ती घातली की मी जळलेल्या लाडवासारखा दिसतो. हसायचं तर हसा. आवाज ज्यात मोजतात त्याला डेसिबल म्हणतात, आणि एवढंच लक्षात ठेवा की आकडा दहाने वाढला की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. एका सेकंदात मी आठ वेळा ऐकतो. आठ वेळा! आता सांगा, असा माणूस स्वस्थ कसा बसेल? टाचणी पडली तरी माझा आकडा हलतो. स्वभावच तसा आहे, त्याला काय करणार.

मला बनवलं एका पांढऱ्या खोलीत. तिथे सगळ्या बायका केसांवर टोप्या घालून बसायच्या. त्यातल्या एकीने चिमट्याने माझा कान बसवला. कानाचा पडदा इतका पातळ असतो की जोरात श्वास सोडला तरी हलतो, म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. पडदा बसला, स्क्रू फिरला, आणि तिने हुश्श केलं. मी ऐकलेला पहिला आवाज तोच.

मग मी मामांकडे आलो. मामा म्हणजे आवाज मोजून अहवाल देणारे गृहस्थ. एक खोलीचं ऑफिस, दोन टेबलं, एक करकरणारा पंखा. सुरुवातीची वर्षं झकास गेली. छापखाना, सुतारांचे कारखाने, रेल्वेजवळची शाळा, सगळीकडे मी मामांच्या खांद्यावर ऐटीत. शाळेत तर पोरांनी रांग लावली, माझ्यासमोर किंचाळायला. एका बारीकशा मुलीने एकशे दोन काढले आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मामा मला तेव्हा 'माझा उजवा कान' म्हणायचे. कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

तेव्हाच या बागेचं काम आलं. बागेला चिकटून महामार्ग. दिवसभर ट्रक, बस, टँकर, आणि टायरची ती सलग घरघर. बागेत बसलेल्या आजोबांना शेजारच्या आजोबांचं ऐकू येत नव्हतं. दोघं तासभर गप्पा मारायचे आणि दोघंही वेगवेगळ्या विषयावर. मामांनी तिसऱ्या बाकाजवळ फरशीवर पिवळ्या रंगाचा ठिपका काढला, त्यावर मला उभं केलं. अडुसष्ट आले. मामांनी अहवालात लिहिलं, रस्त्याच्या कडेने भिंत बांधा, एवढी उंच, एवढी लांब. आणि खरंच भिंत झाली. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी उंच, राखाडी.

ती बांधत होते तेव्हाची एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. पायासाठी खणलेल्या मातीचा हा ढीग पडला होता. मुकादम विचारत होता, ही कुठे नेऊन टाकू? मामा तिथेच उभे होते, मी पिशवीत. मामा म्हणाले, "नेता कशाला? इथेच भिंतीजवळ लोटा. पोरांना टेकडी होईल!" सगळे हसले, मामाही खूश झाले. पोरांचं भलं केल्याचा आनंद हो, दुसरं काही नाही. मी ऐकलं आणि गप्प बसलो. न बसून करतो काय?

त्यानंतर महिन्याभरात मामांनी मला गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि विसरून गाडी चालू केली. मी दाणकन खाली. कोपरा फुटला. काळी चिकटपट्टी लावली, तेवढ्यावर काम चाललं असतं, पण मामांच्या मनात अढी बसली. "पडलेला आहे, भरवसा नाही." पाडला कोणी ते मात्र विसरले! रंगीत पडद्याचा नवा मीटर आला आणि मी गेलो कपाटाच्या खालच्या खणात. माझ्या पोटातले सेल काढायचंही कोणाला सुचलं नाही. मित्रांनो, सेल तसेच राहिले की फुटतात. आतून पांढरी-हिरवी घाण बाहेर येते आणि हळूहळू सगळं खाते. दोन वर्षं मी तसा पडून होतो. पंख्याची करकर ऐकू यायची, पण मोजता येत नव्हती. त्याच्यासारखी शिक्षा नाही.

मग मामांची भाची ऑफिसात कामाला लागली. मामा तिला टिटवी म्हणतात, कारण ती एकदा सुरू झाली की थांबत नाही. तिने पहिल्याच आठवड्यात सगळी कपाटं उपसली, मी सापडलो. लिंबाच्या रसात कापूस बुडवून तिने माझं पोट खरवडून साफ केलं. बोटं काळी झाली तिची. नवे सेल घातले, बटण दाबलं आणि माझा पडदा उजळला. सेहेचाळीस! पंख्याचा आवाज. मी आनंदाने सत्तेचाळीससुद्धा दाखवले.

या वर्षी बागांच्या खात्याकडून पत्र आलं. भिंतीला तीन वर्षं झाली, आता पुन्हा मोजा आणि सांगा भिंत पास की नापास. पास लिहिलं की फाईल बंद, पुढची पाच वर्षं तिथे कोणी एक वीट हलवणार नाही. मामांनी नवा मीटर उचलला. टिटवी म्हणाली, "मामा, भिंतीच्या आधी याने मोजलं होतं ना? मग नंतर पण यानेच मोजायला हवं. तुमचंच वाक्य आहे." मामांचं खरंच वाक्य होतं. 'आधी जिथे, ज्याने मोजलं, नंतर तिथेच, त्यानेच. नाहीतर तुलना कसली?' नाइलाजाने त्यांनी मला घेतलं. जोडीला नवाही घेतला, पिशवीत.

पिवळा ठिपका जरा पुसट झाला होता. मी उभा राहिलो. सत्तावन्न! अडुसष्टवरून सत्तावन्न, म्हणजे निम्म्याहून कमी वाटायला लागलेला आवाज. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाकावरच्या आजोबांनाही आता एकमेकांचं ऐकू येत होतं. त्यामुळे त्यांचं भांडण चाललं होतं, ते वेगळं. मामा म्हणाले, "झालं काम. आवर."

टिटवीने आवरलं नाही. ती टेकडीकडे बघत होती. आणि मीही, म्हणजे माझा कान तिकडेच होता.

टेकडीवर बालवाडीची अठरा पोरं होती. घसरगुंडी, झोका, चढायचा दोर, सगळं आता वरच होतं. त्यांच्या बाई एका हातात लाल फडकं घेऊन उभ्या होत्या. फडकं वर केलं की पोरांनी थांबायचं, गोल फिरवलं की परत यायचं. आगगाडीच्या गार्डसारखं. टिटवी वर गेली, मला घेऊन. तिने विचारलं, "बाई, हाक का नाही मारत?"

बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. आवाज घोगरा, फाटलेला. "मारून मारून घशात बेडूक बसलाय. डॉक्टर म्हणाले, असंच ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. म्हणून फडकं. पण फडकं पाठीला दिसत नाही ना! गेल्या आठवड्यात एक पोरगी त्या बाजूला उतरायला लागली, निसरड्या उतारावर. मी 'थांब' म्हणून ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही. हनुवटीला तीन टाके. आता आईबाप म्हणतात, टेकडीवर नेणार असाल तर आमचं मूल पाठवणार नाही. आणि आमची खोली केवढी माहितीये? अठरा पोरं आडवी झोपली तर दार उघडत नाही. पोरं कमी झाली तर बालवाडीच बंद."

टिटवीने स्टँड उघडला, मला तिथेच उभं केलं. एकाहत्तर. भिंत नव्हती तेव्हा खाली बाकाजवळ होते त्याच्याहूनही जास्त.

कसं काय, विचाराल. भिंत आवाजाची सावली पाडते, मित्रांनो. उन्हात भिंतीमागे बसलात तर सावली, पण भिंतीवर चढून बसलात तर टाळकं तापणारच. टेकडीवर चार वर्षांचं पोर उभं राहिलं तरी त्याला भिंतीवरून ट्रकचा टप दिसतो. टप दिसतो म्हणजे घरघर थेट कानात. खाली आजोबा सावलीत, वर पोरं उन्हात.

टिटवीने मामांना हाका मारल्या. चार मारल्या, पाचवीला शेवटी हात हलवले. मामा धापा टाकत वर आले, आकडा बघितला आणि ते भांडण पेटलं, जिथून मी सुरुवात केली.

"पडलेला आहे तो!" मामा म्हणाले. "कान गेलाय त्याचा."

"मग मास्तर लावा त्याला," टिटवी म्हणाली.

मास्तर म्हणजे डबीएवढं एक यंत्र. माझी टोपी काढून ते माझ्या डोक्यावर बसवतात. आत एकच सूर वाजतो, चौऱ्याण्णवचा, कमी नाही की जास्त नाही. मी चौऱ्याण्णव म्हटलं तर मी खरा. प्रत्येक मोजणीआधी आणि नंतर ही परीक्षा असते. तुम्हाला वर्षातून दोनदा असते, मला दिवसातून दहादा, तरी मी कुरकुर करत नाही. बरं, करतो, पण कोणाला ऐकू येत नाही.

मामांनी मास्तर बसवला. चौऱ्याण्णव. काढला, फुंकर मारली, परत बसवला. चौऱ्याण्णव. तिसऱ्यांदा सेल बदलून बसवला. चौऱ्याण्णव! माझा असा संताप झाला होता की पंच्याण्णव दाखवावे वाटले. पण तेवढ्यासाठी खोटं नाही बोलणार मी.

"बरं, कान ठीक असेल," मामा म्हणाले. "पण ही टेकडी नकाशात नाही. हा बघ नकाशा. आहे का टेकडी? आपण नकाशातली बाग मोजतो."

"नकाशात नाही म्हणून पोरं काय हवेत खेळतायत?"

"तोंड वर करून बोलू नको. माझी चूक नाही ही! मी भिंत दिली, ती खाली चोख चालते. आता त्या बागवाल्यांनी भिंतीला खेटून डोंगर उभा केला, त्याला मी काय करू? अक्कल कोणाची ही?"

मी तडफडत होतो. आठ वेळा सेकंदाला तडफडत होतो. मला माहीत होतं ना! पण एकाहत्तर-बहात्तर यातून काय सांगणार? सत्तर दाखवून काय कळणार कोणाला?

शेजारी माळीकाका पाइपने पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला. मोठ्या आवाजात बोलायची सवयच झाली होती त्यांना तिथे.

"साहेब, राग मानू नका. तुमचीच अक्कल. मुकादम माती न्यायला निघाला होता. तुम्ही म्हणालात, इथेच लोटा, पोरांना टेकडी होईल. मी खुरपं घेऊन इथेच होतो."

मामांचा चेहरा असा झाला, जसा घरी पोचल्यावर खिशात दुसऱ्याची किल्ली सापडावी. ते दोन पावलं मागे गेले आणि मटकन खाली बसले. बाई लांबून त्यांना काहीतरी सांगत होत्या, हात हलवत होत्या.

"अं?" मामा म्हणाले.

बाई परत बोलल्या.

"काय? ऐकू नाही आलं!"

बाईंनी लाल फडकं वर केलं. मामांनी हात कानामागे लावला. "जोरात बोला हो!"

तेवढ्यात वरून एक गुटगुटीत पोरगी घसरत आली आणि मामांच्या पाठीवर धाडकन आदळली. मामा घसरगुंडीच्या तोंडाशी बसले होते. बाई तेच सांगत होत्या. पोरगी उठली, फ्रॉक झटकला, मामांकडे रागाने बघितलं आणि पुन्हा वर पळाली. तिच्या हनुवटीवर पांढरी पट्टी होती.

मामा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले.

ऑफिसात परतलो. पंखा एकटाच बोलत होता. मामा खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "लिही," म्हणाले. "भिंत जमिनीवर पुरते. टेकडीवर पुरत नाही. टेकडीवर एकाहत्तर. सबब, भिंत नापास."

टिटवी भराभरा लिहीत होती.

"पुढे लिही. टेकडीची माती भिंतीच्या पायातली असून, ती तिथे टाकण्याची सूचना खाली सही करणाऱ्याची होती."

टिटवीची लेखणी थांबली. "मामा, हे कशाला? हे कोणी विचारलेलंच नाही."

"लिही म्हणतो ना."

"उद्या साहेब लोक हसतील. पुढचं काम देणार नाहीत तुम्हाला. सकाळी मी जरा जास्तच बोलले, मला माहीत आहे, पण..."

"टिटवे, नको तेव्हा बोलतेस आणि हवं तेव्हा अडखळतेस. लिही!"

तिने लिहिलं. नाक ओढत लिहिलं. तो आवाजही मोजला मी, बावन्न होता.

दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब स्वतः बागेत आले. इस्त्रीचे कपडे, भुवया वर. माझी चिकटपट्टी बघून म्हणाले, "या खेळण्यावर विश्वास ठेवायचा?" मामा ताठ उभे राहिले. "खेळणं नाही साहेब. मी पाडला त्याला, तो बिघडला नाही. नवा मीटर याच्या शेजारी लावतो, बघा." मित्रांनो, हे ऐकायला मी दोन वर्षं कपाटात काढली होती! नवा मीटर माझ्याशेजारी उभा राहिला, रंगीत पडदा मिरवत. पंधरा मिनिटं दोघांनी एकच रस्ता ऐकला. त्याचे एकाहत्तर पूर्णांक दोन, माझे एकाहत्तर. साहेबांनी भुवया खाली आणल्या.

मग ते बाईंशी बोलायला गेले आणि त्यांनाही तीनदा "काय?" म्हणावं लागलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, पेन काढलं. टेकडीच्या लांबीभर भिंतीवर आणखी पत्रे चढवायचे, आवाज शोषणारे. ते होईपर्यंत घसरगुंडी आणि झोका खाली हिरवळीवर, सावलीत. काम आजपासून. माळीकाकांनी तिथल्या तिथे झोक्याचे नट सोडवायला घेतले. पोरांनी गलका केला, आम्हाला वरच खेळायचंय म्हणून. बाई त्यांना खाली हिरवळीवर घेऊन गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "हात धरा." अठरा जणांनी हात धरले. बाईंनी एकदा फडक्याकडे बघितलं, त्याने नाक पुसलं आणि पदराला खोचून टाकलं.

मला वाटलं, झालं, आता घरी. पण साहेब फाईल मिटता मिटता थांबले.

"काय हो, अशा भिंती तुम्ही अजून किती बागांना सुचवल्या?"

"अकरा," मामा म्हणाले.

"आणि तिथल्या पायाची माती?"

मामांनी बुटांकडे बघितलं. टिटवीने मामांकडे बघितलं. "मामा? नाही ना?"

"सगळीकडे तेच सांगितलं," मामा म्हणाले. "पोरांना टेकडी होईल म्हणून."

कोणीच हसलं नाही. मग टिटवी हसली आणि तिला आवरेनाच. शेवटी मामासुद्धा हसले, पण डोळे पुसत. साहेब म्हणाले, "गाडीत बसा. आजच सुरू करा."

तर मित्रांनो, माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या घरी पडलं असेल तर आधी त्याचे सेल काढा. आणि मोजायचं असेल तर आधी बघा, माणसं कुठे आहेत, पोरं कुठे आहेत, तिथे नेऊन उभं करा. ठिपका काय, परत काढता येतो. आणखी बरंच सांगायचं होतं, छापखान्यातली एक गंमत तर राहूनच गेली, पण टिटवीने माझी टोपी काढलीये, स्टँड मिटलाय, मामा गाडीतून हॉर्न वाजवतायत, ब्याण्णव, किती ती घाई, अकरा बागा आहेत, अकरा टेकड्या, कुठल्यातरी टेकडीवर आत्ता कोणीतरी 'थांब' म्हणून ओरडतंय आणि ते कोणाला ऐकू जात नाहीये. चला, मला निघायला हवं.